पेरूतला पेरू

सुपरमार्केटमध्ये सदाकाका फळं विकत घेत नसत, फळांची परीक्षा घेत. सफरचंद उचलायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि निकाल जाहीर करायचा, "नापास!" मग पेअर. "नापास!" स्ट्रॉबेरीला तर ते परीक्षेला बसूही देत नसत. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या दुकानाचा मॅनेजर काका दिसले की स्वतः फळांपाशी येऊन उभा राहायचा.

"या देशात सगळं आहे रे," काका मला म्हणायचे, "फक्त वास इम्पोर्ट करायचा राहून गेलाय."

आम्ही एकाच पंपांच्या कंपनीत होतो. काका सीनियर, मी नवखा. ऐंशीच्या दशकात एकदा खाणीतले पंप बसवायला कंपनीनं आम्हा दोघांना पेरू देशात पाठवलं. काम उरकलं आणि परतीच्या फ्लाइटआधी राजधानी लिमात एक अख्खा दिवस हाताशी उरला. मी साइटसीइंगचा जंगी बेत आखला. काकांचं मात्र एकच कलम.

"पेरूत आलोय तर पेरू मिळालाच पाहिजे. अरे, देशानं ज्याचं नाव घेतलं, ते फळ इथं केवढं नामांकित असेल!"

लिमानं मला वेड लावलं. पिवळ्याधमक भिंतींतून रस्त्यावर झुकलेले कोरीव लाकडी सज्जे बघत मी तोंडाचा आ करून चालत होतो. एका चर्चच्या तळघरात शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं रांगोळीसारखी गोलाकार मांडलेली होती. तिथं तर माझे पायच हलेनात.

"बघितलं," काका कुजबुजले. "आता मार्केट?"

पुढे उंच कड्यावरून धुक्यात बुडालेला पॅसिफिक दिसला. इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"मोठाय," काका म्हणाले. "मार्केट कुठाय?"

शेवटी मार्केट आलं आणि काकांची बोलती बंद झाली. जांभळे बटाटे, काळे बटाटे, बोराएवढ्या दाण्यांचा मका, नाव-गाव माहीत नसलेल्या फळांचे डोंगर! काकांनी देवळात शिरताना काढावी तशी टोपी काढली. मग पहिल्याच बाईला त्यांनी विचारलं, "पेरू?"

"सी, पेरू!" बाईनं आनंदानं होकारार्थी मान डोलवत जमिनीकडे बोट दाखवलं.

"नो, नो. पेरू!"

"पेरू!" तिनं या खेपेला दोन्ही हात पसरून अख्खा देश दाखवला. शेजारच्या बायकाही "पेरू, पेरू" करायला लागल्या. मी हसून हसून बेजार.

काकांनी मग नाटकच केलं. हवेतल्या फोडीला तिखट-मीठ लावलं, कचकन चावली आणि दातात अडकलेली बी जिभेनं काढायची खटपट सुरू केली. ती बी काही निघेना. बाई खो खो हसली, वाकली आणि खालच्या टोपलीतून पिवळेजर्द पेरू काढून तिनं त्यांच्यापुढे धरले.

काकांनी एक नाकाशी धरला. निकाल जाहीर झालाच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. खिशातून त्यांनी मालतीकाकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा काढला आणि पेरू त्यात घट्ट बांधले.

"काका, फळ कस्टम्समधून नेऊ देणार नाहीत."

"फळ नाही रे नेत. विमानात बसायच्या आधी खाऊन टाकू. वास नेतोय." मग हळूच म्हणाले, "पाठीच्या दुखण्यानं तिचा प्रवास कायमचा बंद झालाय. सांगली आता तिला दिसायची नाही. परवा झोपेत म्हणाली, परसातला पेरू पिकलाय."

विमानतळावर आम्ही पेरू संपवले आणि काकांनी तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. काकांच्या घरी पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. काकू वॉकर धरून दाराशी आल्या. काकांनी बुटांसकट कार्पेटवर जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि तो तुकडा त्यांच्या हातात दिला. काकूंनी त्यात तोंड लपवलं.

"येतोय का गं? उडाला तर नाही ना?"

काकांनी घाबरून तो तुकडा माझ्या नाकाशी धरला. मी जीव खाऊन श्वास घेतला. नुसत्या दमट कापडाचा वास होता.

काकूंनी तो काकांच्या हातून काढून घेतला आणि पुन्हा गालाशी धरला.

"येतोय हो," त्या म्हणाल्या. "घरभर येतोय."