जयप्रकाशरावांचं घडीचं पुस्तक

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तोंडावर आला, तेव्हा जयप्रकाशरावांनी ठरवलं, या वेळी बायकोला, जयमालाबाईंना, रडवायचंच. (आनंदानं. एरवीचं रडवणं त्यांना बिनकष्टाचं जमत होतं.)

महापेच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. लांब कागदाला उलटसुलट घड्या घालायच्या, की झालं पुस्तक. मग पानापानावर फोटो, रंग, कापड, वाळलेली पानं, हाताला लागेल ते चिकटवायचं. याला 'मिक्स मीडिया' म्हणतात. हाताला लागेल ते चिकटवणं आपल्याला सहज जमेल असं त्यांना वाटलं, आणि तिथंच घात झाला.

शनिवारी जयमालाबाई बाजारात गेल्या आणि इकडे कोपरखैरण्याच्या वन बीएचकेत कारखाना सुरू झाला. जयप्रकाशरावांनी कागदाला चहाच्या पाण्यानं जुनाट रंग दिला, कणकेची खळ शिजवली (गुठळ्या झाल्या, त्यांना त्यांनी टेक्श्चर म्हटलं), लग्नातला फोटो चिकटवला. शेवटच्या पानाला मात्र काळजाला भिडणारं काहीतरी हवं होतं. दाराआडच्या खुंटीला बोहारणीला द्यायच्या जुन्या कपड्यांची पिशवी असे. हात घातला, जांभळी साडी निघाली. साहेबांनी वीतभर काठ कापला, चिकटवला आणि खाली लिहिलं, 'हीच साडी नेसून तू मला पहिल्यांदा दिसलीस.'

रविवारी जयमालाबाईंनी एकेक घडी उलगडत पुस्तक पाहिलं. डोळे भरून आले. जयप्रकाशराव मनातल्या मनात सत्कार स्वीकारू लागले.

"अहो, पण बघायला आलात तेव्हा मी पिवळी नेसले होते."

"असेल. रंग बदलतो धुऊन धुऊन."

"पिवळ्याचा जांभळा?" त्यांनी काठ चाचपला आणि किंचाळल्याच. "ही काशीताईंची! माझ्याकडे फॉल लावायला दिलेली! घाईत मी पिशवी तिथं अडकवली आणि तुम्ही..."

बोनकोड्याच्या काशीताईंच्या मुलीची हळद बुधवारी होती. घरच्या झाडून साऱ्या बायकांनी एकसारख्या जांभळ्या साड्या घेतल्या होत्या. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी काशीताई साडी न्यायला आल्या.

"काठ कोनी कापला माझा?"

"ते... मिक्स मीडिया..."

"मीडिया तुमच्यापाशी ठेवा! सगल्या बाया एका रंगात, आनि मी नवरीची आई, गाऊनवर नाचू?"

"सेम टू सेम आणतो, ताई. आत्ता." जयप्रकाशरावांनी घाईत चपला चढवल्या.

जयमालाबाई दारापर्यंत आल्या. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून साडी आणायला निघालात," त्या म्हणाल्या, "आणि तीही काशीताईंना."