पाणदरवाजाच्या लोखंडी किल्लीचे वर्तमान

श्रीगजाननास वंदन, वाग्देवीस वंदन, आणि पदरचे घालून लिहू तर बोरू मोडो ऐसी शपथ वाहोन हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमी, इंदुवासर. समुद्रापलीकडील एका मुलुखी एक राज्य होते. राज्याची लांबी चाळीस हात, रुंदी पुरती पाच हातही नाही, आणि ते अवघे लोखंडाचे असोन कालव्याच्या पाण्यावर तरंगत असे. राज्याचे धनी श्रीमंत अच्युतराव पोंक्षे. हे पूर्वी दंतवैद्य होते. मग वय जाहले, घर विकले, नाव घेतली आणि सोनेरी काठाची टोपी घालोन आपणांस दर्यासारंग समजो लागले. कालव्याचे पाणी कमरेइतके, ही गोष्ट त्यांजपुढे कोणी काढीत नसे.

राज्याची राणी शालिनीबाई. कालवा जेथे टेकाड चढतो तेथे पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत आणि प्रत्येक पायरीस थोर लाकडी दरवाजे. नाव आली की कोणी एकाने काठावर उतरावे, लोखंडी किल्ली फिरवोन झडपा उचलाव्या, पाणी समपातळीस येई तो थांबावे, आणि मग पाठ लावोन दरवाजा रेटावा. हे सात वर्षे शालिनीबाईंनी केले, आणि श्रीमंत मागे सुकाणू धरोन टोपीनिशी उभे राहिले, आणि काठावर फिरावयास आलेले लोक दरवेळी श्रीमंतांसच वाहवा म्हणाले. सांजवेळी आसपासचे नाववाले भेटीस येत. 'येऊ का?' ऐसे पुसल्याविना परक्या नावेवर पाऊल ठेवू नये, ही तेथील रीत. मग दरबार भरे आणि बोलणी दोनच होत, विजेची बॅटरी किती भरली आणि शौचाची पेटी कोठे रिती करावी. यांवर प्रहर प्रहर खल चाले आणि शालिनीबाई चहा करीत. शेवटी श्रीमंत उभे राहोन उपदेश करीत की, 'बांधलेल्या नावांवरून जोरात जातो तो रानटी!' आणि सर्व माना डोलावीत.

शालिनीबाईंची वडील बहीण कुमुदअक्का सहा वर्षांमागे राज्य पाहावयास आल्या होत्या. त्या न पुसता आत चढल्या आणि म्हणाल्या, 'अगबाई, ही तर कंपासपेटी!' येवढ्यावर श्रीमंतांनी डूख धरिला आणि येणेजाणे तुटले. आता अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जाहल्या, कालव्याकाठी लेकाकडे आल्या आणि परत निघाल्या. पंचमीच्या सकाळी शालिनीबाईंनी अर्ज केला, 'अहो, सत्तावीस नंबरच्या पुलापाशी दोन तास थांबा. उद्या सकाळी तिचं विमान आहे. आता काही ती पुन्हा यायची नाही.' श्रीमंत बोलिले, 'पाहू.'

मग पूल आला. अक्का काठी टेकीत, डबा सांभाळीत उभ्या, आणि काठ मोकळा, दहा नावा बांधाव्या इतका. श्रीमंतांनी नजर सरळ ठेविली आणि नाव पुढे काढिली. 'इथं तळ उथळ आहे. पुढच्या तळ्यात वळू, उद्या दुपारी येऊ.'

'उद्या दुपारी ती आकाशात असेल हो!'

'मग काय करू? चाळीस हातांची नाव पंचवीस हातांच्या कालव्यात वळवू?' हे खरेच होते, आणि वळण्याची जागा मागे गेल्यावरच हे बोलावे हा त्यांचा मनसुबाही खरा होता. शालिनीबाईंस रडू आले. त्याहून अधिक लाज वाटली, की बहिणीने हे काठावरून पाहिले.

परंतु राज्याचा वेग तो केवढा! अक्का चालो लागल्या आणि नावेच्या बरोबरीने चालल्या. 'शालू, थांबायचं राहू दे गं, मी येते तुझ्याबरोबर. गुडघा कसा आहे तुझा?'

'दुखतो.'

'मग ते दरवाजे कोण ढकलतं?'

सात वर्षांत हे कोणी पुसिले नव्हते. शालिनीबाईंनी किल्लीकडे पाहिले. श्रीमंतांनीही ऐकिले आणि संतापोन इंजिन वाढविले, तों पुढे बांधलेल्या नावांची रांग. कप हिंदकळले, आणि आदले सांजेस त्यांच्याच चहास बसलेली मंडळी बाहेर येवोन 'हळू! हळू!' ओरडली. मग श्रीमंतांस इंजिन उतरवावे लागले आणि अक्का काठी टेकीत पुढे निघोन गेल्या.

पाणदरवाजा आला तेव्हां अक्का दरवाजा रेटावयाच्या आडव्या तुळईवर बसोन सांज्याच्या पोळ्या उघडीत होत्या. शालिनीबाई नित्याप्रमाणे किल्ली कमरेस खोवोन उतरल्या, आणि श्रीमंत नावेचे तोंड दरवाजास लावोन उभे राहिले. बाई गेल्या त्या अक्कांपाशी बसल्या. पोळी खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि मग दोघी उठोन लेकाच्या घराकडे चालो लागल्या.

'अगं, दरवाजा! कधी उघडणार?' श्रीमंत ओरडले.

शालिनीबाई वळल्या आणि म्हणाल्या, 'पाहू.'

मागे चार नावा तुंबल्या. त्यांजपाशी किल्ल्या होत्या, परंतु दर्यासारंगास दरवाजा उघडता येत नाही हे कबूल कोणी करावे? श्रीमंतांनी 'इंजिन तापले आहे' ऐसे सांगितले, तेव्हां लोकांनी दोरी लावोन राज्य कडेस ओढिले, आणि एकाने जाता जाता बॅटरीचे पुसिले. रात्र चिवड्यावर गेली.

षष्ठीस विमान गेले आणि शालिनीबाई परतल्या. 'येऊ का?' ऐसे त्यांनी पुसिले नाही. किल्ली श्रीमंतांच्या हाती दिली आणि आपण सुकाणूपाशी उभ्या राहिल्या.

एवंच राज्य तेच, कालवा तोच. श्रीमंत झडपा उचलितात, पाठ लावोन दरवाजे रेटितात, टोपी घामाने भिजते. काठचे लोक अद्याप सुकाणूसच वाहवा म्हणतात.