झोपलेला म्हातारा आणि तुटलेला धागा

सिनेमा कसा बघावा हे अख्ख्या सोलापुरात दोनच माणसांना कळतं. एक मी. दुसऱ्याचं नाव कळलं तर तुम्हालाही सांगेन.

माझं नाव सिद्धाराम. राहतो भवानी पेठेत, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मल्लिकार्जुनअण्णांच्या चादरीच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकर आहे. मागावरून चादर उतरली की ती टेबलावर पसरायची, धागा तुटलाय का, किनार सरळ आहे का ते बघायचं, आणि माल पास असेल तर कोपऱ्याच्या दुमडीत आतल्या बाजूला निळ्या पेनानं आपला नंबर टाकायचा. माझा नंबर सात. आता बावीस वर्षं कापड बघितलेल्या माणसाला तुम्ही सिनेमाला नेऊन बसवलं तर तो काय हिरॉइन बघणार? तो कापडच बघणार की.

आणि एकदा कापड बघायला लागलं की सिनेमाचं सगळं पितळ उघडं पडतं. मागे एक भुताचा सिनेमा बघितला. लोक खुर्ची धरून किंचाळत होते, मी आपला गप्प. भूत पांढरं कापड पांघरून आलं होतं आणि ते कापड होतं टेरिकॉट. शंभर वर्षांपूर्वी मेलेली बाई टेरिकॉट कुठनं आणणार? त्याआधी एक ऐतिहासिक बघितला. तलवारी छान, घोडे छान, पण सरदाराच्या शेल्याला मशीनची शिलाई. मी तिथंच उठलो असतो, पण पॉपकॉर्न संपायचे होते. एका सिनेमातला हिरो इतका गरीब की घरात दाणा नाही, आणि त्याच्या चादरीवर पाकिटातल्या घड्या जशाच्या तशा. म्हणजे गरिबी सकाळीच दुकानातून आणलेली. प्रेमाचे सिनेमे मी टॉवेलावर तोलतो. हिरॉइन पावसात भिजून येते, हिरो टॉवेल देतो, ती केस पुसते आणि टॉवेल कोरडाच राहतो. असल्या प्रेमाचं पुढं काय होणार ते मी इंटरव्हलच्या आधी सांगतो.

आणखी एक नियम. सिनेमा संपून नावं सुरू व्हायच्या आत मी खाली स्कूटरला किक मारलेली असते. नावं वाचत बसायला मी काय शाळेत आहे?

"अहो, तुमी सिनेमा बघायला येता का माल तपासायला?" आमची सिद्धेश्वरी विचारते. बायकोला कलेतलं काय कळणार, म्हणून मी सोडून देतो.

तर गेल्या रविवारी तिच्याच हट्टापायी एका कौटुंबिक सिनेमाला गेलो. बाप, दोन मुलं, भांडण, घराची वाटणी. शेवटी शेवटी म्हातारा खाटेवर झोपलेला आणि अंगावर सोलापुरी चादर. धाकट्या मुलानं ती चादर हळूच वर ओढली आणि पडदाभर नुसती चादरच दिसायला लागली. दरवाजाएवढी नक्षी, दोराएवढा एकेक धागा! आणि मला तो दिसला. तिसऱ्या फुलाच्या देठाशी ताण्याचा एक उभा धागा तुटलेला, बोटभर जागा मोकळी.

"तुटलाय!" मी ओरडलो.

आजूबाजूला बघतो तर सगळं थेटर हुंदके देऊन रडतंय. सिद्धेश्वरीचा पदर ओला झालेला. मला भरून आलं. म्हटलं, चला, सोलापूरच्या लोकांना मालाची कदर आहे.

नावं सुरू व्हायच्या आत बाहेर आलो, तर दारात सोनाली नावाची एक मुलगी हातात माइक घेऊन उभी. तिचं मोबाइलवर कसलंसं चॅनेल होतं आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला ती सिनेमा कसा वाटला ते विचारत होती. लोक डोळे पुसत दोन शब्द बोलून पुढं जात होते. माझ्यासमोर माइक आला आणि मी चार मिनिटं बोललो.

"गोष्ट ठीक हाय. पण तो म्हातारा शेवटी नुसता झोपून का राहतो ते काय कळलं न्हाय. आणि ती चादर! अहो, तिसऱ्या फुलापाशी धागा तुटलाय. सोलापूरचं नाव घेता आणि असला माल दाखवता? ज्या चेकरनं ही चादर पास केली तो आंधळा असला पाहिजे. मालकानं त्याला घरी बसवावं. आजच्या आज बसवावं!"

संध्याकाळपर्यंत मी गावभर झालो. माझा व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर. अक्कलकोटहून मेहुणीचा फोन आला, अर्ध्या कानडीत, "येनप्पा भावजी, लई हसिवलात की!" मी हसवण्यासारखं काय बोललो ते मला कळलं नाही, पण कौतुक कौतुक असतं. रात्री जेवताना मी स्वतःचा व्हिडिओ अकरा वेळा बघितला.

सोमवारी कारखान्यात पाय ठेवला तर माग चालू आणि माणसं गप्प. मागांची दुरुस्ती बघणारा आमचा शिवू, माझा वीस वर्षांचा दोस्त, मला बाजूला ओढून म्हणाला, "तू सिनेमा शेवटपर्यंत बघितलास का रे?"

"बघितला की."

"नावं बघितलीस?"

"नावं कोण बघतं बे?"

शिवूनं कपाळावर हात मारला. "शेवटी मोठ्या अक्षरात येतंय की रे. चादरींसाठी आभार, आणि खाली आपल्या अण्णांचं नाव. उद्या सगळ्यांना घरच्यांसकट सिनेमा दाखवायचा बेत होता त्यांचा. सरप्राइज द्यायचं म्हणून बोलले न्हाईत."

ही नक्षी एमआयडीसीत पन्नास ठिकाणी विणतात, ती आमचीच असेल हे मला कशाला सुचेल! बावीस वर्षं ज्या माणसाचं मीठ खाल्लं, त्याचीच अब्रू मी माइक धरून घालवली होती. मला दुसरं काम येत नाही, आणि पन्नाशीच्या माणसाला नवीन काम कोण शिकवणार?

तेवढ्यात निरोप आला, अण्णांनी ऑफिसात बोलावलंय.

अण्णा टेबलामागे बसले होते. समोर तीच चादर, सिनेमावाल्यांनी आठवण म्हणून परत दिलेली. अण्णा कधी ओरडत नाहीत. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटते.

"सिद्धाराम, तिसरं फूल म्हणालास न्हाय का?"

"अण्णा, चुकलं माझं. मी—"

"चुकलं काय? बरोबर हाय तुझं." त्यांनी तिसऱ्या फुलावर बोट ठेवलं. तिथं बोटभर मोकळी जागा होती. "चार महिने ही चादर माझ्यासमोर हाय. मला दिसलं न्हाय. तुला पडद्यावर दिसलं! अशी नजर हाय म्हणून तर आजपासून तू हेड चेकर."

मी मनातल्या मनात सिद्धेश्वर महाराजांना नारळ बोलून टाकला. वाचलो!

"आणि हेड चेकरचं पहिलं काम," अण्णा म्हणाले, "ही कुणी पास केली ते बघ. कोपऱ्यात नंबर असेल. तू गावाला सांगितलंस तसं त्याला आजच्या आज घरी बसवू. न्हाईतर लोक म्हणतील अण्णाला लाज न्हाय."

मी कोपरा हातात घेतला. दुमड उलटली. आत निळ्या पेनानं काढलेला सात. माझाच सात, शेपटीला झोकदार वळण दिलेला.

आणि मला तो दिवस आठवला. त्या भुताच्या सिनेमाची गोष्ट मी टेबलाशी उभं राहून सगळ्यांना सांगत होतो. टेरिकॉटपर्यंत आलो होतो. हात चालू, तोंड चालू, डोळे मात्र भुताकडं.

मी कोपरा मुठीत दाबून धरला. "अण्णा, नंबर जरा पुसट झालाय. उजेडात बघून सांगतो."

चादर काखोटीला मारून बाहेर आलो. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात वाईटच विचार होता. शाई धुता येते का, एवढाच. पण दारात सुंदरम्मा उभी होती. आमच्यातली सगळ्यात जुनी चेकर, नंबर चार. हातात डबा आणि पिशवी, म्हणजे निघायच्या तयारीतच.

"ती माझीच असणार बघ," ती म्हणाली. "अय्यो देवुडा, दिवाळीपासून डोळ्यांपुढं धुकं येतंय. नातीच्या शाळेपायी बोलले न्हाय कुणाला. तू टीव्हीत आंधळी म्हणालास ते खरं हाय. अण्णांनी घालवण्यापेक्षा मीच जाते."

"अगं, टीव्हीत न्हाय, मोबाइलवर," मी म्हणालो.

तेवढ्यात शिवू आला. "सुंदरम्मा, तू थांब. माग दुरुस्त करणारा मी. धागा माझ्या मागावर तुटला. माझं नाव सांग रे सिद्धाराम."

दोघं माझ्यासमोर नोकरी सोडायला उभे आणि माझ्या मुठीत सात. मला माझीच लाज वाटली, अगदी मनापासून. मी तसाच मागे फिरलो, ऑफिसात गेलो आणि चादर टेबलावर टाकली.

"अण्णा, सात."

"सात कोण?"

"मीच की. बावीस वर्षं मीच सात हाय. मी भुताची गोष्ट सांगत होतो आणि ही सुटली. सुंदरम्माला डोळ्यांपुढं धुकं येतंय म्हणून ती आणि माग त्याचा म्हणून शिवू उगाच स्वतःवर घेताहेत, त्यांना काय म्हणू नका. घरी मी बसतो."

अण्णांनी दुमड उलटून नंबर बघितला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. ते हसत होते.

"गावासमोर स्वतःला आंधळा म्हणणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय मी," ते डोळे पुसत म्हणाले. "अरे, शिवूला दिसलं न्हाय, मला दिसलं न्हाय, सिनेमावाल्यांना दिसलं न्हाय. सगळ्यांनी घरी बसायचं म्हटलं तर चादरी कोण विणणार? जा, कामाला लाग. हेड चेकरचं तेवढं विसर. आणि सुंदरम्माला आज दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन जा. पगारी सुट्टी हाय म्हणून सांग."

छातीवरचा मागच कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं. मी वाकून पाया पडलो.

"थांब. शिक्षा राहिली की," अण्णा म्हणाले. "उद्या सिनेमाला माझ्याशेजारी बसायचं. शेवटचं नाव जाईपर्यंत उठायचं न्हाय. आणि कापडाकडं बघायचं न्हाय. माणसांकडं बघायचं."

घरी येऊन सगळं सांगितलं तर सिद्धेश्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, "मी काय म्हणते बघा. सिनेमात चादर बघता आणि चादरीत सिनेमा."

मंगळवारी सगळा कारखाना थेटरात. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वरी, मागे सुंदरम्मा, डोळ्यांत डॉक्टरांनी दिलेले थेंब. मी शब्द पाळला. पडदे बघितले नाहीत, उशांचे अभ्रे बघितले नाहीत, हिरॉइनच्या साडीकडंसुद्धा बघितलं नाही. नुसती माणसं बघितली. आणि काय सांगू, गोष्ट चांगली होती हो! तो म्हातारा तर मला भयंकरच आवडला. आमच्या वडिलांसारखा, बोलायचं कमी आणि लेकरांसाठी झिजायचं जास्त.

मग तो शेवट आला. म्हातारा खाटेवर. धाकट्यानं चादर हळूच वर ओढली, छातीवरून गळ्यावर, गळ्यावरून थेट तोंडावर. मला राहवलं नाही.

"अगं, तोंडावर का घालतोय?" मी सिद्धेश्वरीला म्हणालो. "गुदमरेल की म्हातारा."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"मेले की ते."

"मेले? कधी?"

"रविवारीच."