खाकी शिवणारे रशीदचाचा

गुलमंडीच्या बाजारात बसून पोलिसांच्या वर्द्या शिवणारे आमचे रशीदचाचा पोलिसांना लई भितात. नुसतं बटण लावून घ्यायला हवालदार आला तरी उठून उभे राहतात आणि विचारतात, "साहेब, माझं काही चुकलं का?" तयार वर्दी दुकानात घालून बघायची मात्र कुणालाच परवानगी नाही. "घरी नेऊन घाला ना साहेब," हे त्यांचं पालुपद.

माझं दोरे-बटणांचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच. समोर जीप थांबली की चाचांची मशीन बंद पडते, श्वाससुद्धा जपून घेतात. त्यांच्याकडं बघून मलाही उगाच घाम फुटतो. एकदा मी म्हणालो, "चाचा, काळ बदलला आता. बायका फौजदार झाल्या, चौकाचौकात कॅमेरे आले."

"व्हय ना. आमच्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या अब्बांनी, निजामाच्या शिपायांचे कोट शिवले, अब्बांनी हाफ पँटी, मी फुल पँटी. कपडा वाढत गेला बाबा, डर तेवढाच राहिला."

मग त्यांची नात, लेकीची लेक नसरीन, पोलीस भरतीत निवडली गेली. मोहल्ल्यात पेढे वाटले, चाचांचं जेवण सुटलं. ट्रेनिंगहून ती परतल्यावर तिची वर्दी त्यांनीच शिवायला घेतली. शिवायचे, उसवायचे, परत शिवायचे.

ड्युटीच्या पहिल्या सकाळी ती वर्दी घालून थेट दुकानात आली. चाचा मान खाली घालून काज करत होते. बूट दिसले तसे ताडकन उठले आणि हात जोडून उभे राहिले. वर बघायची हिंमत होईना.

"नाना, मी आहे. नसरीन."

तरी हात सुटेनात. तिनं टोपी काढली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली.

चाचा म्हणाले, "अब्बांना एकदा चौकीत नेलं होतं. नावाची गफलत होती. दिवसभर उभं ठेवलं त्यांना. मी लहान, दाराबाहेर बसून बघत होतो. ज्यानं उभं केलं, त्याची वर्दी अब्बांनीच शिवलेली."

"मला कधी सांगितलं नाही, नाना."

चाचांनी तिच्या वर्दीच्या खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली.

"ठाण्यात कोणी म्हातारा माणूस आला, तर काम नंतर विचार बेटा. आधी त्याला बसा म्हण."