इस्त्रीवरचे धपाटे

पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पिवळा त्रिकोण. त्रिकोणात तीळ.

बाथरूममध्ये नळ सोडून, तोंडातला घास तसाच धरून उभा असलेला निवृत्त बँक मॅनेजर.

"क्लोरीनला लसूण घालतात व्हय?"

हॉटेलच्या टेबलाचा खण. पाहुण्यांसाठी कोरे कागद, पेन, ठेच्याची वाटी.

आकाशपाळण्यासमोर हात वर करून पाठमोरी उभी सहा माणसं.

हे सगळं एका वाक्यामुळे झालं आणि ते वाक्य पद्मजाताईंचं होतं.

वेरूळच्या पुढे नवं थीम पार्क झालं होतं, त्याला लागूनच हॉटेल. शहरातल्या उस्मानपुऱ्याहून मुकुंदराव, पद्मजाताई आणि त्यांची सावनी आली होती. देवगाव रंगारीहून काकासाहेब, करुणाताई आणि त्यांचा ऋतुराज. सावनी-ऋतुराजचा साखरपुडा झालेला, लग्न व्हायचं होतं. दोन्ही घरांना मधोमध पडतं, दोन दिवस एकत्र राहू, ओळख वाढेल, असा बेत. विहिणीच्या नजरेत आपण तसूभरही कमी दिसता कामा नये, एवढीच पद्मजाताईंची काळजी.

पहिल्या संध्याकाळी खालच्या सोफ्यावर एक कुटुंब डबे उघडून बसलेलं दिसलं. पद्मजाताई म्हणाल्या, "आम्ही बाई बाहेर आलो की बाहेरचंच खातो. डबे उघडून बसायचं म्हणजे, शोभतं का?"

"व्हय का," करुणाताई म्हणाल्या.

कुणीही काही विचारलेलं नव्हतं.

पद्मजाताईंच्या बॅगेत त्या वेळी फोडणी देऊन भाजलेला रवा होता. त्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतून झाकलं की खोलीतच उपमा. ज्वारीचे धपाटे होते, ठेचा होता, शेंगदाण्याची चटणी होती. हॉटेलातला नाश्ता वेगळ्या पैशांचा, त्यातून रांग लावा. पार्क उघडायच्या आत लेकरानं आणि नवऱ्यानं पोटभर खाल्लेलं असावं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शिरस्ता मोडायचा नव्हता आणि वाक्य मागं घेता येत नव्हतं. म्हणून सकाळी दाराला कडी लागली.

उपमा झाला. धपाटे मात्र गार. पद्मजाताईंनी कपाटातली इस्त्री काढली, धपाटा चंदेरी कागदात गुंडाळला आणि वरून फिरवली.

"मऊच राहिला," मुकुंदराव म्हणाले. "कागद काढ ना. डायरेक्ट लाव."

"अहो, इस्त्री आहे ती."

"तवा तरी काय असतो?"

कागद निघाला. चर्र झालं. घरच्या तव्यालाही जमला नसता असा खरपूस वास खोलीभर पसरला. दुसरा धपाटा इस्त्रीखाली असतानाच दार वाजलं.

"ताई, मी करुणा."

ठेचा खणात गेला. उपमा पांघरुणाखाली गेला. भरल्या तोंडानं मुकुंदराव बाथरूममध्ये गेले आणि त्यांनी नळ सोडला. पद्मजाताईंनी दार वीतभर उघडलं.

"झोपमोड केली का?"

"छे छे! आम्ही आत्ता खाली नाश्त्यालाच निघालो होतो."

"ह्यांचा शर्ट चुरगळला. इस्त्री हाय का तुमच्याकडं?"

नाही म्हणावं, तर ती पद्मजाताईंच्या हातातच होती.

"अगंबाई, तापलेलीच की," करुणाताई म्हणाल्या. घटकाभर दारातच उभ्या राहिल्या. मग इस्त्री घेऊन गेल्या.

शर्टाला इस्त्री केली ऋतुराजनं, फोनवर सावनीशी बोलत बोलत. त्याला शर्ट दिसलाच नाही.

पार्कच्या फाटकात काकासाहेब पुढे गेले आणि पद्मजाताईंना त्यांची पाठ दिसली. इस्त्रीच्या टोकासकट हळदीचा त्रिकोण. तिथून पुढे त्या विहीणबाईंना सोडून व्याह्यांच्याच मागे-मागे चालू लागल्या, हातात टॉवेल पसरून.

"आई, काय करतेस?" सावनी कुजबुजली.

"ऊन लागेल त्यांना."

"ते शेतकरी आहेत गं!"

पाण्याच्या घसरगुंडीच्या रांगेत काकासाहेबांनी नाक वर केलं. "मुकुंदराव, वास येतोय का? इथं कुठंतरी धपाटे चाललेत बघा."

"क्लोरीन असेल," पद्मजाताई म्हणाल्या.

"क्लोरीनला लसूण घालतात व्हय? तीळ बी हाय त्यात." आणि ते शोधायलाच निघाले. सँडविचवाल्याला विचारलं, आइस्क्रीमवाल्याला विचारलं. जिथं जातील तिथं वास. "लई जवळ हाय," ते म्हणत, "पण घावंना."

पद्मजाताई टॉवेल घेऊन मागे. लाजेनं त्यांना एकही पाळणा दिसला नाही.

शेवटी पार्कच्या फोटोवाल्यानं सगळ्यांना धरलं. "स्टाइल म्हणून पाठमोरे उभे राहा. हात वर! मॅडम, टॉवेल बाजूला."

बाहेर पडताना फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर झळकला. मधोमध काकासाहेब. त्रिकोणातला तीळ न् तीळ मोजता आला असता.

काकासाहेबांनी शर्ट काढला, नाकाला लावला. "आत्ता गं! म्हणजे सकाळपसून मी माझ्याच मागं फिरतोय?"

ऋतुराज हसला. मुकुंदराव नळ सापडतो का ते पाहू लागले. पद्मजाताईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं: रवा, कडी, कागद, इस्त्री. "चिक्कू म्हणा, खोटारडी म्हणा. पण शर्ट मी नवा घेऊन देईन."

"शर्टाचं काय घिऊन बसलात, ताई," करुणाताई म्हणाल्या. "वास आमच्या खोलीपर्यंत आला हुता. दारात उभी हुते मी. 'या, घासभर खा' एवढं म्हणायचं राहिलं, बगा."

पद्मजाताईंना वाटलं होतं, यापेक्षा जास्त लाज वाटणं शक्य नाही. वाटली. आल्या माणसाला दारातून परत पाठवलं होतं, तेही इस्त्री देऊन.

"राहिलेत थोडे," त्या कशाबशा म्हणाल्या. "चला ना खोलीवर."

"मग तापवा इस्त्री," काकासाहेब उघड्या अंगानं पुढे निघाले.

ज्या सकाळी करुणाताई इस्त्री मागायला आल्या, त्या सकाळी त्यांच्या खोलीतल्या कपाटातही एक इस्त्री होती, आणि ती बिघडलेलीही नव्हती.