सोन्यात मढवलेला जंतू

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याकाठी सगुणाबाई नावाची टिटवी राहत होती.

सगुणाबाईंकडे एक जुना सूक्ष्मदर्शक होता. खालचा आरसा ऊन वर ढकलायचा. मधल्या मंचावर काचपट्टी बसायची. तिच्यावरचं भिंग थेंबाला मोठं करायचं, डोळ्याजवळचं भिंग आणखी मोठं करायचं, आणि बाजूची फिरकी फिरवली की सगळं स्पष्ट दिसायचं. वीज लागत नव्हती.

एका उन्हाळ्यात हरणांच्या पाडसांना जुलाब सुरू झाले. दोन दगावली. सगुणाबाईंनी तळ्यातला थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. थेंबात शेपटीवाले जंतू नुसते वळवळत होते.

त्या तडक वाघमहाराजांकडे गेल्या. "महाराज, तळ्याचं पाणी बंद करा. सगळ्यांना डोंगरावरच्या झऱ्यावर पाठवा."

महाराज अवघडले. महिन्याभरापूर्वीच त्यांनी त्या तळ्याला स्वतःचं नाव दिलं होतं.

"तुमच्या यंत्रातून किती पट मोठं दिसतं?" प्रधान तरसानं विचारलं.

"चारशे पट."

"चारशेच? एवढ्यावर महाराजांचं तळं बंद करायचं?"

मग परदेशातून आलेल्या करकोचे डॉक्टरांना बोलावणं गेलं. थंडी सरली तरी ते परत गेले नव्हते, इथला मान त्यांना मानवला होता. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मागवला. तीन हत्तींनी तो ओढत आणून गुहेत बसवला.

"यात उजेडाचं काम नाही," डॉक्टर दरबाराला म्हणाले. "वरच्या बंदुकीतून इलेक्ट्रॉन सुटतात. काचेच्या भिंगांऐवजी चुंबक त्यांना एका बिंदूवर आणतात. पंप आतली हवा काढून घेतो, नाहीतर इलेक्ट्रॉन हवेला धडकून भरकटतील. ते नमुन्यावर आपटले की तिथून जे इलेक्ट्रॉन उडतात ते टिपले जातात आणि पडद्यावर चित्र उमटतं. एक लाख पट."

"आणि जंतू हवेविना जगतो?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तो आधी औषधात मारायचा, वाळवायचा, वर सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा. बाई, हे शास्त्र आहे."

या तयारीत आठ दिवस गेले. आणखी तीन पाडसं गेली.

नवव्या दिवशी पडद्यावर जंतू आला. हत्तीएवढा, अंगावरची सुरकुती न् सुरकुती दिसणारा. दरबार हरखला. महाराज मात्र थोडे मागे सरकले.

"हलतो का हा?"

"नाही महाराज."

"मेलाय?"

"पूर्णपणे."

"मग घाबरायचं कशाला?" महाराज म्हणाले.

"महाराज, तो डॉक्टरांनीच मारून आत घातलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "तळ्यातले जिवंत आहेत."

प्रधानानं समजावलं, "बाई, लाख पट मोठं दाखवणाऱ्याचं ऐकायचं की चारशे पटवाल्याचं?"

संध्याकाळी तळ्यावर पाटी लागली : 'तपासणीत सर्व जंतू मृत आढळले. पाणी निर्धोक. अंशतः सुवर्णयुक्त.' दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर रांग लागली.

एक हरिणी तेवढी आजारी पाडसाला घेऊन सगुणाबाईंकडे आली. "बाई, पाटी खरी की तुम्ही?"

सगुणाबाईंनी आरसा उन्हाकडे वळवला. "तूच बघ."

हरिणीनं बराच वेळ डोळा लावला. मग पाडसाला घेऊन डोंगराकडे निघाली. आठवड्याभरात ते उड्या मारू लागलं.

ही गोष्ट दरबारात पोचली. चौकशी बसली. ज्या यंत्रात जंतू जिवंत दिसतात ते यंत्र सदोष असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि सगुणाबाईंचा सूक्ष्मदर्शक जप्त झाला. तळ्याकाठी पाडसं मरतच होती. त्यावर उपाय म्हणून महाराजांनी दोन लाख पटीचं यंत्र मंजूर केलं.

तात्पर्य : संकट आधी मारून, वाळवून, सोन्यात मढवून मगच राजाला दाखवावं. जिवंत संकट हलतं, आणि त्यामुळे सिंहासनही हलू लागतं.