फुली न दिसणारी माणसे

चष्मेवाल्यांचे दुकान सव्वीस वर्षे एकाच कोपऱ्यावर उभे होते आणि जवळचे दिसेनासे झालेली माणसे तिथे येऊन चष्मे नेत. समोर काचेचे तीन मजली दुकान झाले, तशी माणसे तिकडे वळू लागली. जावयाने मोठ्या मनाने सांगितले, "बाबा, सहा महिने बघा. नाहीच चाललं तर दुकान बंद करा आणि आमच्याकडे या. मुलांना शाळेतून आणायला कुणीतरी हवंच आहे." चष्मेवाल्यांचा जावयावर जीव होता, पण लांबूनच. त्यांनी त्याच आठवड्यात फोनवरच्या जाहिरातींसाठी एक तज्ज्ञ नेमला.

जाहिरात लागली आणि पहिल्याच महिन्यात दुकानात वर्दळ सुरू झाली. चष्मेवाले खूश होते. तज्ज्ञ मात्र गंभीर चेहऱ्याने अहवाल घेऊन आला.

"काका, तुमच्या जाहिरातीवर येणाऱ्यांपैकी ब्याऐंशी टक्के लोक अवांछित आहेत."

"म्हणजे चोर?"

"चुकून आलेले. पत्त्यांचा खेळ खेळताना मध्येच तुमची जाहिरात येते. ती बंद करायला कोपऱ्यात बारीक फुली असते. हे लोक फुली दाबायला जातात, नेम चुकतो आणि तुमचं पान उघडतं. यांचा यायचा हेतूच नसतो. आम्ही यांना अहेतुक अभ्यागत म्हणतो."

आपल्या दुकानात अहेतुक अभ्यागत येतात हे ऐकून चष्मेवाल्यांना दुकानाबद्दल एकदम आदर वाटला. तज्ज्ञ म्हणेल ती पूर्व दिशा, असे ठरवून त्यांनी पत्त्यांचा खेळ वगळायला परवानगी दिली.

पुढच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. "फुली दाबायला गेले, तर तुमचं दुकान उघडलं. तीनदा झालं तसं. म्हटलं, आता फुलीसुद्धा दिसेना, तर डोळे तपासूनच घ्यावेत." त्यांनी दोन चष्मे घेतले, एक वाचायला आणि दुसरा पहिला शोधायला.

चष्मेवाल्यांनी हौसेने ही बातमी तज्ज्ञाला दिली. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे अजून गळती आहे. बाई फोनवर काय करत होत्या?"

बाई शब्दकोडे सोडवत होत्या. शब्दकोडी वगळण्यात आली. मग हवामानाचे अंदाज गेले, मग पाककृती गेल्या. शेवटी मोठी अक्षरे ठेवणाऱ्या फोनांवर संशय आला. "हे पडदा दोन बोटांनी सारखा ताणून बघतात," तज्ज्ञ म्हणाला. "इतक्या वेळा माणूस बघत नाही. ही नक्की यंत्रं असणार." पन्नाशीच्या आसपासची अशी सदतीस हजार यंत्रे एका दुपारी वगळली गेली.

"अहो, ज्यांना फुली दिसत नाही, तीच तर आपली गिऱ्हाइकं," गल्ल्यामागून बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांना ते पटले. पण बायकोचे म्हणणे पटले की ते बाहेरून तपासून घ्यायचे, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी तज्ज्ञाला विचारले.

"काकूंचं भावनेच्या पातळीवर बरोबर आहे," तो म्हणाला, "पण अहवालात भावनेला रकाना नाही. आता उरलेले लोक बघा. जाहिरात दिसली की अर्ध्या सेकंदात फुली, तीही अचूक. असा स्वच्छ प्रेक्षकवर्ग नशिबानेच मिळतो."

"ते चष्मा घेतील?"

"ते तुमचं पान उघडतच नाहीत. म्हणून तर अवांछितांचं प्रमाण शून्य आहे."

पाचव्या महिन्यात दुकानात फक्त वारा येत होता. तज्ज्ञाच्या कंपनीने 'शून्य अवांछित' असे प्रमाणपत्र दिले, ते भिंतीवर लागले. त्याच दिवशी जावयाचा फोन आला आणि धाकटीची शाळा किती वाजता सुटते, हे त्याने जाता जाता सांगितले. सव्वीस वर्षांची खुर्ची सोडायची, या विचाराने त्यांना खरोखर रडू आले. तसेच उठून ते तज्ज्ञाकडे गेले.

"सगळ्यांना परत येऊ दे बाबा. चुकणाऱ्यांना आधी."

तज्ज्ञ भला माणूस. वगळलेल्यांना परत घ्यायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो, म्हणून त्याने तिथल्या तिथे चष्मेवाल्यांच्या फोनवर पुनर्विचाराचा अर्ज पाठवला. बारीक अक्षरांची चौदा पाने सरसर सरकली आणि तळाशी 'मी वरील सर्व वाचले असून मला मान्य आहे' असे बटण आले. चष्मेवाल्यांचा चष्मा नाकावर होता आणि नजर ठणठणीत होती. त्यांनी बटण दाबले.

महिना उलटला तरी कुणी फिरकले नाही, तेव्हा बायकोने चौदाही पाने वाचून काढली. अकराव्या पानावर लिहिले होते: वगळणी सहा महिन्यांनी आपोआप संपते, मात्र पुनर्विचाराचा अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत ती चालू राहील. निर्णयास दोन वर्षे लागतात.

"वाचायचं तरी होतंत," ती एवढेच म्हणाली.

चष्मेवाले आता रोज साडेतीनला शाळेच्या फाटकाशी उभे असतात. तुम्ही म्हणाल, निदान चष्म्याच्या दुकानदाराने तरी वाचून मग मान्य करावे. अगदी रास्त आहे. तेच बटण तुम्ही गेल्या खेपेला दाबलेत, तेव्हा वरच्या पानांत काय लिहिले होते हे आठवत असेल, तर फाटकाशी जाऊन त्यांना खुशाल चार शब्द सुनवा. ते ऐकून घेतील.